नावात विरघळलेले शोधनिबंध

शास्त्रज्ञाची उंची मोजायला अलीकडे एक सोयीचा गज हाती आला आहे. त्याच्या शोधनिबंधांचा दाखला इतरांनी किती वेळा दिला, एवढे मोजायचे. यूजीन गारफिल्ड यांची विज्ञान-दाखल्यांची सूची १९६४मध्ये निघाली ती मुख्यतः जुने संशोधन शोधणे सोपे व्हावे म्हणून. २००५मध्ये हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-निर्देशांक सुचवला. निर्देशांक २० म्हणजे ज्यांना प्रत्येकी निदान २० दाखले मिळाले असे २० निबंध. नेमणूक, बढती, अनुदान, सगळीकडे हा आकडा विचारला जातो.

हा गज प्रा. कृष्णस्वामी वेंकटरामन यांना लावून पाहावा. मुळशी-लवासाकडे निघालेले पुणेकर चांदणी चौकात वळतात, तिथून जवळच पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. मॅकबेन आणि फिंच यांच्यानंतर, १९५७मध्ये, वेंकटरामन तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पण त्यांचे नाव जगभर गेले ते त्याआधीच्या, लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातल्या कामामुळे.

काम असे: एका विशिष्ट सुगंधी कीटोनच्या ऑक्सिजनवर ॲसिल गट बसवायचा आणि मग अल्कली घालायची. तो गट ऑक्सिजन सोडून शेजारच्या कार्बनवर जाऊन बसतो. तयार झालेल्या डायकीटोनला आम्ल दिले की वलय मिटते आणि फ्लॅव्होन हाती येतो. वनस्पतींतल्या अनेक पिवळसर रंगद्रव्यांचे कूळ हेच. विल्सन बेकर यांनीही १९३३मध्ये हीच वाट स्वतंत्रपणे दाखवली होती. म्हणून ती 'बेकर-वेंकटरामन पुनर्रचना' झाली.

आणि इथेच गज फसतो. फ्लॅव्होन बनवणारा आजचा रसायनज्ञ हे नाव लिहितो आणि पुढे जातो. दाखला द्यायचाच झाला तर बहुधा एखाद्या पाठ्यपुस्तकाचा किंवा ताज्या आढावा-लेखाचा देतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रकाराचे वर्णन करून ठेवले आहे: शोध ज्ञानात इतका मुरतो की मूळ निबंध दिसेनासा होतो. दाखले मोजणारा आकडा या यशाला अपयश समजतो. उलट, दुसऱ्यांचे काम नीटनेटके मांडणारा आढावा-लेख भराभर दाखले जमवतो. तोही उपयोगी असतो, यात वाद नाही. पण दोन्ही एकाच तराजूत घालायचे का?

वेंकटरामन यांच्या दुसऱ्या मोठ्या कामाचीही हीच गत. १९३४मध्ये ते मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात आले आणि १९३८पासून त्याचे संचालक होते. तिथे रंगांवर काम करताना त्यांनी कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा ग्रंथ उभा केला. पहिले दोन खंड १९५२मध्ये निघाले, पुढे ही मालिका आठ खंडांपर्यंत गेली. अशा ग्रंथाचे पान उघडून रंगाची कृती सुधारणारा कारखान्यातला माणूस शोधनिबंध लिहीत नाही. त्याचा दाखला कुठल्याच सूचीत चढत नाही. घडवलेल्या विद्यार्थ्यांचेही तसेच. बा. द. टिळक त्यांच्या हाताखाली शिकले आणि १९६६मध्ये पाषाणला त्यांच्याच खुर्चीवर आले. ही नोंद कोणत्या रकान्यात करायची?

आकड्याच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. तो नव्हता तेव्हा शिफारसपत्रे आणि ओळखीपाळखी चालत. तालुक्याच्या कॉलेजात एकट्याने काम करणाऱ्याला आकडा निदान एक दावा मांडू देतो. म्हणून तो फेकून द्या असे मी म्हणणार नाही. पण निवड समितीने उमेदवाराचे दोन-तीन निबंध उघडून वाचावेत, ही अपेक्षा जास्त आहे काय?

शिवाय नाव लागणे हाही काही चोख न्याय नव्हे. १९३३मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आणि १९३४मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात वेंकटरामन यांच्यासोबत एच. एस. महल हे सहलेखक होते. पाठ्यपुस्तकातल्या जोडनावात त्यांना जागा मिळाली नाही. त्यांचे नाव आज सापडते ते फक्त त्या जुन्या निबंधांच्या दाखल्यात, जो आता फारसे कोणी देत नाही.