डेटाबेसमधील पूर्वनिर्धारित टाइम झोन आणि स्थानिक नोंद : एक चिकित्सा

प्रस्तावना :
रिलेशनल डेटाबेसमध्ये पूर्वनिर्धारित टाइम झोन ठरविणे ही किरकोळ तांत्रिक बाब मानली जाते. संपूर्ण भारताची प्रमाणवेळ एकच असल्याने येथे हा प्रश्न उद्भवत नाही, असेही म्हटले जाते. ही दोन्ही गृहीते तपासून पाहणे आवश्यक आहे.

विवेचन :
मायएसक्यूएलमधील ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार आलेली वेळ यूटीसीमध्ये रूपांतरित करून साठवितो. ‘डेटटाइम’ मात्र आकडे जसेच्या तसे ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएलमधील ‘टाइम झोनसहित टाइमस्टॅम्प’ या नावावरून मूळ झोनही साठविला जात असावा, असा समज होतो. प्रत्यक्षात तेथे केवळ यूटीसीमधील क्षण उरतो. समजा, शहाड येथे १ एप्रिल रोजी पहाटे २ वाजता एका बालकाचा जन्म झाला. यूटीसीनुसार तो क्षण ३१ मार्चच्या २०.३० चा ठरतो. अहवाल काढताना टाइम झोन यूटीसी असेल, तर जन्मतारीख व आर्थिक वर्ष दोन्ही बदलतात आणि संगणक कोणतीही चूक दर्शवीत नाही.

जुन्या नोंदींच्या संगणकीकरणात प्रश्न अधिक बिकट होतो. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून अमलात आली. तथापि तिच्याहून ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ मुंबई महापालिकेने पुढे अनेक दशके सोडली नाही. १९०६ पूर्वी रेल्वे मद्रास वेळेने चालत असे. म्हणजे शहाड ज्या कल्याण-कसारा मार्गावर आहे, तेथील रेल्वेचे घड्याळ आणि मुंबई शहराचे घड्याळ यांत सुमारे अर्ध्या तासाचे अंतर होते. शिवाय दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, घड्याळे एक तास पुढे होती.

डेटाबेसमध्ये ‘+०५:३०’ असे स्थिर मूल्य दिल्यास युद्धकालीन बदल हरवतो. ‘आशिया/कोलकाता’ हे नाव दिल्यास तो सापडतो. परंतु त्या नावामागे कोलकात्याचा कालेतिहास आहे. मुंबई वेळेस त्यात स्थान नाही. सोयीसाठी स्वीकारलेले मूल्य अशा रीतीने एका शहराचा इतिहास दुसऱ्यावर लादते.

निष्कर्ष :
पूर्वनिर्धारित मूल्य तटस्थ नसते. तो कोणीतरी आधीच घेतलेला निर्णय असतो. चालू व्यवहारांसाठी यूटीसीमध्ये साठवण आणि ‘आशिया/कोलकाता’नुसार सादरीकरण हा मार्ग उचित ठरतो, मात्र दोन्ही गोष्टी स्पष्टपणे नमूद केल्या पाहिजेत. जन्मतारखेसारखी नोंद केवळ दिनांक म्हणूनच ठेवावी. ऐतिहासिक दस्तऐवजांबाबत मूळ लिखित वेळ आणि ती कोणत्या घड्याळाची, हे दोन स्वतंत्र स्तंभांत जतन करावे. रूपांतर पुन्हा करता येते. पुसली गेलेली मूळ नोंद परत मिळत नाही.