सहाशे मिलिमीटरचा पक्षी

पक्ष्यांच्या छायाचित्रांचा एक साचा ठरून गेला आहे. फांदीच्या टोकावर खंड्या, डोळ्यात प्रकाशाचा ठिपका, पीस न् पीस स्पष्ट आणि मागे लोण्यासारखी मऊ, एकरंगी पार्श्वभूमी. फोटो देखणा असतो, यात वादच नाही. पण हा खंड्या भरतपूरचा, भिगवणचा की मोशीचा, हे त्यावरून कळत नाही. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात तरी ते कळणं हा निम्मा विषय आहे.

हा साचा घडवण्यात लेन्सचा मोठा वाटा आहे. टॅमरॉनची १५०-६०० ही २०१३ च्या अखेरीस जाहीर झाली, निकॉनची २००-५०० २०१५ मध्ये, सोनीची २००-६०० २०१९ मध्ये. त्याआधी एवढ्या लांब पल्ल्याच्या चांगल्या लेन्ससाठी काही लाख मोजावे लागत. आता ती आयटीतल्या किंवा कारखान्यातल्या पगारदाराच्या हप्त्यांत बसते. हे चांगलंच झालं. मात्र झूम विकत घेऊनही बहुतेक जण ती ६०० वरच लावून ठेवतात.

हिशोब सोपा आहे. फुलफ्रेम कॅमेऱ्यावर ६०० मिमीला, दहा मीटर अंतरावर, चौकटीत जेमतेम ६० सेंमी रुंदीचं जग मावतं. एफ/६.३ ला त्यातलं पुढचं-मागचं मिळून साधारण १० सेंमी स्पष्ट येतं, बाकी सगळं विरघळतं. त्याच जागेवरून २०० ला आलात की चौकट तिप्पट रुंद, म्हणजे नऊपट क्षेत्राची होते आणि मागचं जगही ओळखू येऊ लागतं. पक्षी लहान होतो, हे खरं. पण तो कुठेतरी उभा असतो.

इंद्रायणीच्या पाण्यावर फेस तरंगतो, पवनेवर जलपर्णी पसरते, आणि शेकाट्या अशा घाण पाण्यातही लाल पाय टाकत निवांत चरतो. ६०० मिमीत हा फेस धूसर होऊन मोत्यांच्या सरीसारखा दिसतो. सांडपाणी सोनेरी होतं. कुणी काही खोटं केलेलं नसतं, तरी लेन्सने नदी धुऊन काढलेली असते. टॉवरवरची घार, पत्र्याच्या शेडवरचे बगळे, प्लॉट पाडलेल्या माळावरची टिटवी यांचंही तेच. त्यांची खरी गोष्ट चौकटीबाहेर राहते.

लांब लेन्सच्या बाजूने दोन मुद्दे आहेत आणि दोन्ही वजनदार आहेत. पहिला, पक्ष्याला त्रास न देता दुरून टिपता येतं. पण ते पाळलं तरच. चौकट आणखी भरावी म्हणून ६०० घेऊनही पुढे सरकणारे कमी नाहीत. दुसरा, ओळख पटवायला पिसांचा तपशील लागतो. मान्य. नोंदीसाठी असा फोटो जरूर काढावा. पण नोंदीचा फोटो आणि पक्ष्याचं चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मारुती चितमपल्लींच्या लेखनात पक्षी एकटा येत नाही. तो झाडासकट, पाणवठ्यासकट आणि रानातल्या माणसांनी दिलेल्या नावासकट येतो. मराठी वाचकाला पक्षी असा भेटण्याची सवय आहे. आपल्या छायाचित्रांनी ती मोडली.

हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. शहरातल्या नद्यांच्या काठांचं सुशोभीकरण करावं की ते मोकळे ठेवावेत, यावर वाद चालू आहेत. तिथे पक्षी होते हे सांगायला फोटो लागतील. धूसर हिरव्या पडद्यासमोरचा खंड्या अशा वेळी साक्ष देऊ शकत नाही. तो कुठल्या काठावर बसला होता, हेच त्याला सांगता येत नाही. तो जवळचा फोटो घ्या. मग पायाखालची जागा न सोडता झूम मागे फिरवा आणि काठासकट आणखी एक घ्या.