सनई, ओबो आणि हौस : ‘मंगलवाद्य’ या विशेषणाची चिकित्सा

प्रास्ताविक

मराठी संगीतविषयक लेखनात सनईचा उल्लेख आला की त्यामागोमाग ‘मंगलवाद्य’ हे विशेषण येतेच. सतार, सरोद, बासरी या वाद्यांना असे प्रसंगवाचक विशेषण चिकटलेले नाही. ती केवळ वाद्ये आहेत. सनई मात्र लग्नाची, देवळाची, उद्घाटनाची. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की हे विशेषण वरकरणी गौरवाचे असले तरी समीक्षेच्या दृष्टीने ते अडसर ठरले आहे. त्याने सनईला प्रसंग दिला, मान दिला; परंतु हौशी वादक दिला नाही, आणि हौशी वादक नसल्याने जाणता श्रोताही पुरेसा दिला नाही. हे स्पष्ट होण्यासाठी सनईच्याच कुळातील एका पाश्चात्त्य वाद्याशी, म्हणजे ओबोशी, तिची तुलना केली आहे.

येथे ‘हौशी’ हा शब्द कमीपणाच्या अर्थाने वापरलेला नाही. ‘हौशे, नवशे, गवशे’ असे आपण सहज म्हणतो आणि त्यात हौशाला जत्रेच्या गर्दीत ढकलून देतो. पण राज्य नाट्यस्पर्धेच्या नावात हाच शब्द सन्मानाने वावरतो. ज्याचे पोट त्या कलेवर नाही आणि ज्याच्यावर ती कला जन्माने लादलेली नाही, तरीही जो तिच्यासाठी रोजचा तासभर काढतो, तो हौशी. महाराष्ट्रात पेटी, तबला, बासरी यांना असे हौशी भरपूर लाभले. पु. ल. देशपांडे यांची पेटी आठवली तरी पुरे. शिक्षक, कारकून, वकील, पोस्टमास्तर यांच्या घरांतून पेटी वाजत राहिली, म्हणून पेटीबद्दल बोलणारा, वाद घालणारा, चुका काढणारा एक वर्ग तयार झाला. सनईच्या वाट्याला हा वर्ग का आला नाही, असा प्रश्न आहे.

एका कुळातील दोन वाद्ये

सनई आणि ओबो यांचे नाते दूरचे असले तरी खरे आहे. दोन्हींमध्ये दुहेरी पत्तीतून फुंकर जाते. दोन्हींची नळी खाली रुंद होत जाणारी, शंकूच्या आकाराची असते. पश्चिम आशियातील सुरना या वाद्याची एक शाखा भारतात आणि दुसरी मध्ययुगात युरोपात गेली, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. युरोपातील त्या शाखेचे, म्हणजे शॉम या वाद्याचे, सतराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये रूपांतर झाले. चौदाव्या लुईच्या दरबाराशी संबंधित ओततेर आणि फिलिदोर या घराण्यांतील वादक-कारागिरांना त्याचे श्रेय दिले जाते. त्यांनी नळी अधिक निमुळती केली, तिचे सुटे भाग केले, पत्ती ओठांच्या थेट ताब्यात आणली. मैदानावरचे, मिरवणुकीतले वाद्य दालनात आले. फ्रेंचमधील मूळ नावाचा अर्थ ‘उंच आवाजाचे लाकूड’ असा आहे. नाव तेच राहिले, आवाज मात्र माणसाळला.

मराठवाड्याच्या वाचकाला या संदर्भात आपल्या भूमीची आठवण होणे स्वाभाविक आहे. देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघणाच्या आश्रयाने, तेराव्या शतकात शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्याच्या वाद्याध्यायात सुषिर वाद्यांमध्ये ‘मधुकरी’ या वाद्याचा समावेश असून अभ्यासक तिचा संबंध सनईच्या पूर्वरूपाशी जोडतात. याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचे शिलालेख आजच्या बीड जिल्ह्यात, अंबाजोगाई येथे आहेत. म्हणजे या वाद्यकुळाची शास्त्रीय नोंद ज्या राज्यात झाली, त्याच राज्यात आपला जिल्हा होता. एवढी जुनी नोंद असूनही या वाद्याविषयीचे समीक्षात्मक लेखन मात्र उत्सवी कौतुकाच्या पुढे फारसे जात नाही.

सनईचे मैदानातून दालनात येणे विसाव्या शतकात घडले आणि ते प्रामुख्याने उस्ताद बिस्मिल्ला खाँ (1916–2006) यांच्या नावाशी निगडित आहे. 1937 मधील कलकत्त्याच्या संगीत परिषदेपासून 2001 मधील भारतरत्नापर्यंतचा त्यांचा प्रवास सर्वश्रुत आहे. येथे एक भेद नोंदवावासा वाटतो. ओबो दालनात आला तो लाकूड बदलून. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या त्रिएबेर घराण्याने त्यावर कळांची गुंतागुंतीची यंत्रणाही बसवली. सनई दालनात आली ती लाकूड न बदलता, फुंकर बदलून. बिस्मिल्ला खाँ यांच्या सनईला कळा नव्हत्या. भोके बोटांनी अर्धवट झाकून आणि ओठांचा दाब कमीजास्त करून ते मींड काढीत. वि. गो. जोग यांच्या व्हायोलिनबरोबरच्या त्यांच्या जुगलबंद्या ऐकाव्यात. व्हायोलिनच्या तारेवर बोट सरकवून जे सहज साधते, ते फुंकवाद्यावर साधताना ते कोठेही मागे पडत नाहीत. उलट काही ठिकाणी व्हायोलिनच सनईचे अनुकरण करते आहे असा भास होतो. ओबोवादकाला त्याच्या कळा ही मोकळीक देत नाहीत. तेव्हा सनई हे ‘अविकसित’ वाद्य आहे आणि ओबो ‘विकसित’, ही समजूत टिकणारी नाही. विकास कोठे झाला, लाकडात की श्वासात, एवढाच प्रश्न आहे.

हौशी माणसांचे कर्तृत्व

ओबोच्या इतिहासात हौशी माणसाचे स्थान पाहिले की आपल्याकडील उणीव ठळक होते. इटलीत ओबोसाठी रचलेल्या कन्चर्टोंचा पहिला छापील संग्रह 1715 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता टोमासो अल्बिनोनी हा व्हेनिसमधील कागदाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. तो स्वतःला अभिमानाने ‘दिलेत्तांते’, म्हणजे हौशी, म्हणवून घेत असे. 1717 च्या सुमारास अॅमस्टरडॅम येथे एक ड मायनरमधील ओबो कन्चर्टो छापला गेला. त्याचा कर्ता आलेस्सांद्रो मार्चेल्लो हा व्हेनिसमधील उमराव होता. संगीत हा त्याचा व्यवसाय नव्हता. पुढे ही रचना कधी विवाल्दीच्या, कधी मार्चेल्लोच्या धाकट्या भावाच्या नावावर गेली.

या कन्चर्टोचा मधला संथ भाग ऐकण्यासारखा आहे. तंतुवाद्यांतून एकसारखे ठोके येत राहतात, त्यांवर हळूहळू दुसरे स्वर चढतात, आणि आधार पक्का झाल्यावरच ओबो प्रवेश करतो. पुढे जे येते ते एका दीर्घ श्वासाचे गाणे आहे. कसरत नाही, घाई नाही. योहान सेबास्टियन बाखने या रचनेचे कळफलक-वाद्यासाठी रूपांतर केले आणि संथ भागातील अलंकरण सविस्तर लिहून ठेवले. मार्चेल्लोने स्वरांचा सांगाडा दिला होता. वादकाने त्यात आपली भर घालावी अशी त्या काळची रीत. आपल्याकडील बंदिशीशी याचे साम्य मराठी श्रोत्याला सांगावे लागणार नाही. लक्षात घ्यायचे ते हे की एका हौशी माणसाच्या रचनेवर बाखसारख्याने हात चालवला आणि तीनशे वर्षांनंतर शिकाऊ ओबोवादक ती आजही वाजवतात.

एक दुसरे उदाहरण. 1945 मध्ये, युद्ध संपल्यावर, जर्मनीतील गार्मिश येथे वृद्ध रिचर्ड श्ट्राउस यांना भेटायला जाणाऱ्या अमेरिकन सैनिकांत जॉन डी लॅन्सी हा तरुण होता. तो व्यवसायाने ओबोवादक. ओबोसाठी कन्चर्टो लिहिण्याचा कधी विचार केला आहे काय, असे त्याने विचारले. उत्तर नकारार्थी मिळाले. पण त्याच वर्षी श्ट्राउस यांनी ओबो कन्चर्टो लिहिला. वाद्याचे साहित्य असे वाढते. कोणीतरी विचारावे लागते. आपल्याकडील सनईवादकाला विचारले जाते ते मुहूर्त किती वाजताचा आहे, हे.

ओबोच्या हौशी जगातील आणखी एक गोष्ट म्हणजे पत्तीविषयीचे अखंड बोलणे. ओबोची पत्ती अरुंडो डोनॅक्स या वेताची. गंभीर वादक ती बहुधा स्वतः तासतो, आणि चांगली साधलेली पत्तीही फार काळ टिकत नाही. हवामान बदलले की पत्ती बदलते. पत्तीचे छिद्र इतके अरुंद की वादकाची अडचण श्वास अपुरा पडण्याची नसून छातीत शिळी हवा साचून राहण्याची असते. या सर्वांवर लिहिले जाते, छापले जाते. एव्हलिन रॉथवेल यांच्यासारख्या नामवंत वादिकेने शिकणाऱ्यांसाठी तंत्राचे पुस्तक लिहिले. 1971 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय डबल रीड सोसायटीत व्यावसायिकांच्या बरोबरीने विद्यार्थी व हौशी वादकही असतात. सनईच्या पत्तीची जाण याहून कमी सूक्ष्म नाही. फरक इतकाच की ती बापाकडून मुलाकडे जाते आणि घराबाहेर क्वचितच पडते.

मान आणि अडसर

याचे कारण वाद्यात नाही, समाजरचनेत आहे. ओबो हे महागडे वाद्य. सनई त्या मानाने फारच स्वस्त. किंमत हा अडथळा असता तर हौशी वादक सनईला लाभायला हवे होते. परंतु महाराष्ट्रात सनई ही प्रदेशपरत्वे गुरव, घडशी, न्हावी, होलार, मातंग अशा ठरावीक जातींकडे वाजंत्रीपणाच्या नात्याने राहिली. देवळात तिला मान होता, लग्नात तिच्यावाचून अडत होते. तरीही वाजवणारा मांडवाच्या कडेला बसे आणि त्याची पंगत शेवटी. ज्या घरातील मुलगी पेटी शिकते, त्या घराला मुलाने सनई शिकावी असे सुचत नाही. यात वाद्याचा तिटकारा नसतो. ‘ते आपले काम नव्हे’ ही खोल रुजलेली जाणीव असते. ‘मंगलवाद्य’ हा शब्द या जाणिवेवर सोज्वळ पांघरूण घालतो. ध्वनी मंगल आणि वादक मांडवाबाहेर, ही विसंगती त्या विशेषणामुळे बोचेनाशी होते.

या चौकटीतून बाहेर पडलेली माणसे आहेतच. ध्वनिमुद्रिकांच्या जमान्यात पुण्याच्या शंकरराव गायकवाड यांनी सनईला रागसंगीताचे वाद्य म्हणून उभे केले. सोलापूरच्या जाधव घराण्यात सिद्राम जाधव यांनी सुंद्री या छोट्या, सनईसदृश वाद्याला स्वतंत्र मैफलीचा दर्जा मिळवून दिला. दिल्लीच्या बागेश्वरी कमर आणि पुण्याच्या नम्रता गायकवाड यांनी हे पुरुषांचेच वाद्य आहे ही समजूत मोडली. मात्र यांपैकी बहुतेक नावे वादकांच्या घरांतूनच आलेली आहेत, हे विसरता येत नाही. घराण्याने वाद्य जगवले. घराण्याबाहेर ते गेले नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचा आरंभ सनईने करण्याची परंपरा आहे. हा सन्मान आहे खरा; पण श्रोते अजून जागा शोधत असतात, ओळखीचे चेहरे हेरत असतात, तेव्हाच ते वादन होते. मुहूर्ताचे वाद्य तेथेही मुहूर्तालाच वाजते.

बीड जिल्ह्यापुरते बोलायचे तर परिस्थिती अधिक कठीण आहे. लग्नाच्या मांडवात आता बँजो आणि डीजे आहे. मंगल कार्यालयात सनई वाजते ती बहुधा ध्वनिमुद्रित, आणि बऱ्याचदा खुद्द बिस्मिल्ला खाँ यांचीच. यात एक क्रूर विनोद आहे. ज्या कलावंताने सनईला मैफलीचे वाद्य केले, त्याचीच मुद्रणे गावच्या सनईवाल्याची सुपारी घेऊन गेली, आणि ती ऐकली जातात वाढप्यांच्या हाकांत. पुन्हा या जिल्ह्यातून दिवाळीनंतर लाखो माणसे ऊसतोडीला जातात. अंबाजोगाईच्या योगेश्वरीचे नवरात्र मार्गशीर्षात, म्हणजे ऐन हंगामात येते. वाजंत्र्याच्या घरातला तरुण कोयता घेऊन कारखान्याच्या फडावर असेल, तर त्या काळात वडिलांशेजारी बसून सूर धरण्याचे त्याचे शिक्षण थांबते. सनईचे शिक्षण या सूर धरण्यापासूनच सुरू होते. एक जण गातो आहे असे वाजवत असता दुसऱ्याने नाकाने श्वास घेत, गालातील हवा सोडत, षड्ज अखंड ठेवायचा. हे महिनोन्‌महिने शेजारी बसूनच येते, पुस्तकातून येत नाही.

म्हणून केवळ वादकांना मानधन देऊन किंवा ‘लोप पावणारी कला’ म्हणून त्यांचा सत्कार करून प्रश्न सुटेल असे वाटत नाही. सत्कार हेही मंगलकार्यच, आणि त्यात सनई पुन्हा दाराशीच वाजते. ज्यांच्या घरात ती कधी नव्हती अशा मुलामुलींच्या हातात ती जाणे, आणि ज्यांच्या घरात ती होती त्यांनी गुरू म्हणून, मोबदला घेऊन, महाविद्यालयात येणे, या दोन गोष्टी एकत्र घडल्या पाहिजेत. केवळ पहिली घडली तर वाद्य जुन्या हातांतून काढून घेतल्यासारखे होईल, आणि हा धोका खोटा नाही. इतर कलांच्या बाबतीत तो आपण पाहिला आहे.

विद्यापीठीय युवक महोत्सवात शास्त्रीय स्वरवाद्याचे एकल वादन हा स्वतंत्र प्रकार असतो. त्यात कोणी विद्यार्थी सनई घेऊन आला, तर तिच्या मंगल ध्वनीने सभागृह कसे भारावले हे परीक्षकाने सांगू नये. आलापात राग कोठे उघडला, निषाद उतरला की काय, मींड घेताना पत्ती किंचित कोरडी होती का, द्रुतमध्ये श्वास कोठे तुटला, हे सांगावे, आणि पेटीवाल्याला जितके गुण कापले असते तितकेच कापावेत.