'शोषण' आणि उत्प्रेरकाचे पृष्ठ

खळीचा लेप सुतावर बसतो, पाणी सुतात मुरते. भिवंडीच्या यंत्रमागांच्या परिसरात हा भेद समजावून सांगावा लागत नाही. शास्त्रीय परिभाषेने तो 'अधिशोषण' आणि 'अवशोषण' यांच्या उपसर्गांवर सोपविला व दोहोंत 'शोषण' ठेवले. मिथेनॉलवर चालणाऱ्या छोट्या इंधनघटाच्या विवेचनात हे बाधते. प्लॅटिनमवर अधिशोषित झालेला कार्बन मोनॉक्साइड आत शिरतच नाही. तो पृष्ठावरील जागा अडवितो. शेजारचे रुथेनियम पाण्यापासून ऑक्सिजन मिळवून त्याचा कार्बन डायऑक्साइड होऊ देते, तेव्हा जागा मोकळी होते.

'पृष्ठविश्लेषण' ही संज्ञा तर अधिकच फसवी. क्ष-किरणांनी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजण्याची जी पद्धती काइ सीगबान यांनी विकसित केली (१९८१ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना त्याबद्दलच वाटा मिळाला), ती काही नॅनोमीटर खोलीपर्यंतचे वृत्त सांगते. धातूच्या जाड पत्र्याच्या बाबतीत त्याला पृष्ठ म्हणणे क्षम्य होय. परंतु या घटांतील उत्प्रेरकाचे कण बहुधा २ ते ५ नॅनोमीटरांचेच असतात. तेथे 'पृष्ठा'त जवळजवळ सारा कणच येतो. अशा मापनातून मिळालेले प्लॅटिनम-रुथेनियमचे प्रमाण बाह्यतम अणुथराचे मानणे ही चूक होय, आणि तिला निमंत्रण संज्ञाच देते. प्रबंधात त्या ठिकाणी नुसते 'पृष्ठ' न लिहिता खोलीचा आकडा द्यावा.