दोन डोंगर, मधे सूर्य

शनिवारी सकाळच्या शाळेत 'कला उपक्रम' असला की काय होतं, ते तुम्हालाही ठाऊक असेल. कॉलेजातली चार मुलं येतात, कोरे कागद आणि खडू वाटतात, 'मनात येईल ते काढा' म्हणतात. आणि विष्णुपुरीतल्या पोरांच्या मनात येतं काय? दोन डोंगर, मधे सूर्य, कौलारू घर, नारळाचं झाड. गावाला खेटून गोदावरी आहे, धरण आहे, विद्यापीठ आहे. कागदावर मात्र कोकण. मग फोटो, स्टेटस, टाळ्या. मीही अशा चौघांतला एक होतो.

आपण मुलांना चित्र काढायला लावतो, चित्र पाहायला लावत नाही. पाहिलेलंच नसेल तर डोंगर-सूर्याशिवाय हातात येणार काय? शिक्षणहक्क कायद्यानं (2009) कलेसाठी अर्धवेळ निदेशक दिला, तोही सहावी ते आठवीला, शंभरावर पट असेल तर. पहिली ते पाचवीच्या वाट्याला काहीच नाही. पुढे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा येतात, पण त्याही हाताच्या. (वस्तुचित्रात बादली नीट पाहावी लागते, तेवढं सोडा.) म्हणजे प्राथमिक वर्गात चित्र पाहायला शिकवणारं कुणी आलंच, तर ते स्वयंसेवकच.

मराठीत यासाठी साधन नाही, असंही नाही. माधुरी पुरंदरे यांनी 'वाचू आनंदे'मध्ये साहित्यातल्या उताऱ्यांशेजारी भारतीय चित्रकलेचे नमुने ठेवले. चित्र तिथं उताऱ्याची सजावट म्हणून येत नाही, स्वतःच्या पायावर उभं राहतं. पण ही पुस्तकं मुळात वाचणाऱ्या घरातल्या मुलासाठी आहेत, शेजारी बसून बोट ठेवणारं मोठं माणूस त्यांनी गृहीत धरलंय. विष्णुपुरीच्या वर्गात ते माणूस म्हणजे आपण, आणि आपल्याला पाठ असतं फक्त 'वा, छान!'

अमेरिकेत फिलिप येनवाइन आणि अ‍ॅबिगेल हाउसन यांनी तीन प्रश्नांची पद्धत बसवली. चित्रात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? अजून काय दिसतंय? स्वयंसेवकानं माहिती द्यायची नाही. पद्धत चांगली आहे, अर्ध्या तासापुरती. त्यापुढे मला ती पटत नाही. शहरातलं मूल उरलेली माहिती घरी, संग्रहालयात, कुठूनही मिळवेल. आपल्या पोरांना ती आपण नाही दिली तर कुणीच देणार नाही.

हे मला अजिंठ्यानं शिकवलं. चौथीच्या वर्गात 17 व्या लेण्यातल्या विश्वंतर जातकाचा रंगीत प्रिंट नेला होता, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेला, काळपट. राजपुत्र आणि त्याची बायको माद्री बसलेले. पोरं बोलू लागली: बाईला चक्कर आली असेल, भांडण झालं असेल, कुणी मेलं असेल. कशावरून? 'मान बघा की तिची.' त्यांना मान दिसली होती. मी तिथं चार वेळा जाऊन आलो, मला दागिनेच दिसले होते.

मग नियम मोडून गोष्ट सांगितली. या राजपुत्राकडे पाऊस आणणारा पांढरा हत्ती होता. कलिंगातून ब्राह्मण आले, त्यांनी हत्ती मागितला, यानं देऊन टाकला. प्रजा चिडली, राजपुत्राला वनवास झाला. तेच तो बायकोला सांगतोय.

वर्ग गप्प झाला. अजिंठ्याच्या चित्रकाराची सगळी माया राजपुत्रावर आहे. प्रकाश त्याच्यावर, डोळे त्याच्याकडे. पण ही मराठवाड्याची पोरं. टँकर पाहिलेली.

'कामून दिला हत्ती?' मागच्या रांगेतून आवाज आला. 'पाऊस गेला ना त्याच्यासंगं. लोकायचं बरोबर हाय.'

चित्रकारानं ज्यांना जवळजवळ बाजूला ठेवलं, त्या प्रजेच्या बाजूनं हे चित्र पाहता येतं, हे मी कुठल्याच कलासमीक्षेत वाचलं नव्हतं. मी काही बोलणार, तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीनं विचारलं, 'पण त्या लोकायनं हत्ती मागितला कामून?'

म्हटलं, त्यांच्याकडेही दुष्काळ होता.

मग जे भांडण सुरू झालं, ते खिचडीची घंटा झाली तरी थांबेना. वरच्या धरणाचं पाणी खाली सोडावं की नाही, इथपर्यंत गेलं. कोरे कागद पिशवीतच राहिले.