किती आहे आणि कशी आहेस

मागच्या खेपेला आपण प्रमाणांचा विचार केला. आपल्याला जे कळतं ते कशाच्या आधारावर कळतं, हा तो प्रश्न. आज तोच प्रश्न एका नाण्याएवढ्या वस्तूला विचारू या: दंडावर चिकटवायचा ग्लुकोज सेन्सर, आणि त्याच्या जोडीचा इन्सुलिन पंप. ग्रंथाची समीक्षा करतात तशी उपकरणाचीही करता येते, बरं का. उपकरणही आपल्याशी बोलत असतं, आणि बोलणाऱ्याची भाषा तपासून घ्यावी लागते.

आधी ऋण मान्य करू. जानेवारी १९२२ मध्ये टोरंटोत लिओनार्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्यापूर्वी टाइप वन मधुमेह झालेलं मूल फार दिवस जगत नसे. आज सेन्सर दर पाच मिनिटांनी एक आकडा देतो, म्हणजे दिवसाला २८८. आमची नात पंधरा वर्षांची आहे, नाशिकला असते, तिला टाइप वन आहे. पूर्वी सूनबाई रात्री दोनचा गजर लावून उठायच्या आणि झोपलेल्या लेकीचं बोट टोचायच्या. आता साखर उतरायला लागली की पंप इन्सुलिन आपणहून थांबवतो, फारच उतरली तर सेन्सर ओरडतो. त्या घरातली माणसं झोपायला लागली. हे विसरून केलेली टीका अप्रामाणिक ठरेल.

आता टीका. पहिला मुद्दा ज्ञानाचा. फोनवर १२० दिसलं की आपण म्हणतो, रक्तातली साखर १२०. पण सेन्सरचा तंतू रक्तवाहिनीत नसतोच. तो कातडीखाली, पेशींभोवतीच्या द्रवात असतो. रक्तातल्या साखरेतला बदल तिथं पोचायला काही मिनिटं जातात. साखर स्थिर असेल तर फरक जाणवत नाही. जेवणानंतर चढताना किंवा खेळताना उतरताना आकडा मागे राहतो. नैयायिकांच्या भाषेत बोलायचं तर हे प्रत्यक्ष नाही, अनुमान आहे. आणि अनुमान म्हटलं की उपाधी तपासायची. अग्नी आहे म्हणून धूर असणारच, असं म्हणता येत नाही. लाकूड ओलं असावं लागतं. ही आडून काम करणारी अट म्हणजे उपाधी.

दिवाळीत नात आमच्याकडे पुण्याला आली होती. पहाटे अडीचला गजर. आकडा ५४. आमची धावपळ, साखरपाणी. सूनबाई म्हणाल्या, थांबा, बोट टोचून बघू. १३१ निघाले. पोरगी सेन्सरच्याच दंडावर कुशीला झोपली होती. तिथं दाब पडला की आकडा उगाच खाली जातो. हे आमचं ओलं लाकूड!

पंपाची उलटी गोष्ट. पडद्यावर 'डोस दिला' असं उमटतं. पंपाला एवढंच ठाऊक असतं की त्यानं औषध पुढे ढकललं. कातडीखालची नळी दुमडली असेल तर ते शरीरात पोचतच नाही. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, मागे दीर्घकाळ टिकणारा साठा नसतो. त्यामुळे काही तासांत कीटोअॅसिडोसिसपर्यंत पाळी येऊ शकते. म्हणून पंप लावणाऱ्यानंही पेन आणि पट्ट्या जवळ बाळगायच्या असतात.

दुसरा मुद्दा भाषेचा. 'टाइम इन रेंज' हा शब्द आता घराघरांत गेलाय. साखर ७० ते १८० मध्ये किती वेळ राहिली, त्याची टक्केवारी. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेकांसाठी ७० टक्क्यांहून जास्त हे उद्दिष्ट आहे. याचा दुसरा अर्थ बघा: दिवसातले जवळजवळ सात तास साखर पट्ट्याबाहेर गेली, तरी उद्दिष्ट गाठलं गेलं. शास्त्रानं एवढी सवड दिली आहे. आपण मात्र टक्के म्हटलं की दहावीचा निकाल वाचतो. "आज किती पडले?" असं घरात विचारलं जातं. जॉर्ज कांगिलेम या फ्रेंच तत्त्वज्ञानं १९४३ सालीच मांडलं होतं की निरोगीपणा म्हणजे सरासरीत बसणं नाही. बदलत्या परिस्थितीत नवे नियम रचून जगता येणं, ती कुवत म्हणजे निरोगीपणा. पुरणपोळी खाऊन, अंदाज चुकून, पुन्हा ताळ्यावर आणणारी मुलगी या अर्थानं निरोगीच आहे. आलेखावर तिच्या वाट्याला फक्त एक डोंगर येतो.

तिसरा मुद्दा आमच्यावरच येतो. नातीचा आलेख आम्हा दोघांच्या फोनवर दिसायचा. २२० दिसलं की आमचा फोन जायचा: "काय खाल्लंस?" वर्ष असं गेलं. एके दिवशी आलेख बंद. आम्ही घाबरून फोन केला, तर तिनंच बंद केला होता. म्हणाली, "आबा, आधी तुम्ही 'कशी आहेस' विचारायचात. आता 'किती आहे' विचारता."

चाळीस वर्षं ज्ञानमीमांसा शिकवलेल्या माणसाला यावर उत्तर सुचलं नाही.

अॅनमेरी मोल यांनी डच रुग्णालयातल्या मधुमेह विभागाचा अभ्यास करून 'द लॉजिक ऑफ केअर' हे पुस्तक लिहिलं. आकडा म्हणजे निवाडा नाही, पुढचं पाऊल ठरवायचं साधन आहे, असं त्यातून आम्हाला उमगलं. हे आम्ही वर्गात सांगितलं होतं, घरी पाळलं नव्हतं. आता ठरलंय ते असं: साखर ७० च्या खाली गेल्याचा गजर आमच्याकडे येतो. बाकीचा आलेख तिचा. तिला दाखवावासा वाटला तर ती दाखवते.

जाता जाता एक. सेन्सर दहा-चौदा दिवसांनी बदलावा लागतो, आणि आपल्याकडे तो खर्च बहुतेकांच्या खिशातूनच जातो. ज्यांना तो झेपत नाही, त्या घरातली आई आजही रात्री दोनला उठते. आमची समीक्षा ही सेन्सर परवडणाऱ्या घरातून झालेली आहे, हेही नोंदवून ठेवा.

इथं थांबतो. आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून सुरुवात करा.