पन्नास लाख आवर्तने आणि एक गतिरोधक

मणके जोडण्यासाठी बसवायच्या सळया व स्क्रू यांच्या माहितीपत्रकात '५० लाख आवर्तनांची चाचणी उत्तीर्ण' असे वाक्य पुष्कळदा आढळते. धुळ्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी असेच पत्रक आमच्यापुढे ठेवले आणि विचारले, "म्हणजे आता फटफटीवर बसायला हरकत नाही ना?" आमचा आक्षेप त्या आकड्याला नाही, त्यातून काढलेल्या या अर्थाला आहे.

आकडा येतो अमेरिकेतील एएसटीएम संस्थेच्या एफ १७१७ या चाचणीतून. तीत हाड नसतेच. पॉलिथिलीनच्या दोन ठोकळ्यांत स्क्रू बसवतात, मधला मणका काढून टाकला आहे असे मानून सगळा भार सळयांवर देतात आणि तो ठरावीक मर्यादेत कमीजास्त करत राहतात. दिवसाला ७००० पावले धरली, तर ५० लाख म्हणजे जेमतेम दोन वर्षांचे चालणे. माणसांची हाडे एकसारखी नसतात, म्हणून ठोकळे वापरणे रास्तच. दोन रचनांची तुलना करायला चाचणी चांगली आहे. पण अचानक बसणारा हादरा तिच्यात नाही.

आता जळगावहून धुळ्याला निघालेल्या एसटीच्या शेवटच्या बाकावर बसू. हे बाक मागच्या चाकांच्याही मागे असल्याने गतिरोधकावर तिथला प्रवासी सर्वांत जास्त उडतो. समजा, तो १० सेंटिमीटर उडाला आणि खाली आल्यावर बाक १ सेंटिमीटरच दबले. सरासरी बल वजनाच्या ११ पट! गादी ५ सेंटिमीटर दबली, तर ३ पट. (अकरावीच्या वर्गाला ऊर्जेच्या अक्षय्यतेवरून हे काढायला जरूर द्यावे.)

एवढ्याने सळई मोडेल? बहुधा नाही. टायटॅनियमच्या मिश्रधातूचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, कठीण हाडाचा १७ ते २०. ताठपणा म्हणजे मजबुती नव्हे, ही गल्लत वर्गातही होते. पण इतके ताठ काही हाडात रोवले की हादरा स्क्रू आणि हाड यांच्या पकडीवर येतो. हाड विरळ झालेल्या वृद्धांत ती पकड मुळातच कच्ची असते. शिवाय शेजारचा मणका आहेच. रावेर-यावलकडे केळीला बांबूचा टेकू देतात. बांधलेल्या भागाला वाकायला वाव नसल्याने वाऱ्याचा बाक गाठीच्या वर येतो. जोडलेल्या मणक्यांलगतच्या चकतीचे तसेच होते.

सळई मोडते ती बहुतेक वेळा हाड न जुळल्यामुळे, तार पुनःपुन्हा वाकवून तुटावी तशी. हाड जुळेपर्यंतचा, साधारण सहा महिने ते वर्षभराचा, तो आधार आहे. मुख्याध्यापकांना आम्ही पत्रक परत दिले आणि हाड कितपत जुळले ते क्ष-किरण चित्र पाहून शल्यचिकित्सकांना विचारा, असे सांगितले. तोवर फटफटी नको, आणि एसटीत जागा धरायची ती दोन्ही चाकांच्या मधली.